सैतानाला चकवणारं दुसरं शून्य

गोळी चाकावर दोनतीनदा उसळली, एका लाल घरात शिरते आहे असं दाखवून बाहेर आली आणि सतरा नंबरच्या काळ्या घरात जाऊन बसली.

आमच्या गावच्या बँड क्लबचा हॉल भरलेला होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चाक फिरवणारी मुलगी गोड हसली आणि तिनं आकडा पुकारला. त्याबरोबर मागच्या रांगेतली एक खुर्ची धाडकन पडली.

"माझा! माझा सतरा!" माझा मोठा भाऊ विस्तीन फोन डोक्यावर धरून नाचत होता. "तीस लावले, हजारावर आले!"

बेकरीवाली डोलोर डोळे पुसायला लागली. नेनू काका आमच्या बँडमध्ये तरुणपणापासून क्लॅरिनेट वाजवतात. त्यांनी खिडकी उघडून खालच्या रस्त्याला ही बातमी ओरडून सांगितली. कुणी चीज भरलेल्या गरम पस्तित्सींचं तबक फिरवलं. पापुद्र्यांचे कण सगळ्यांच्या शर्टांवर सांडत होते, आणि सगळे विस्तीनच्या खांद्याला हात लावत होते, जणू तो सणाच्या मिरवणुकीतला संताचा पुतळा.

शांत होता तो एकटा आर्कांजलू. तीस वर्षं मेलबर्नमध्ये काढून वसंतात माल्टाला परतलेला. सगळे त्याला प्रोफेसर म्हणत. कुठल्या कॉलेजात, हे कुणी विचारलं नव्हतं.

"मी काय केलं?" छातीवर हात ठेवून तो म्हणाला. "मी नुसता निरोप्या. विस्तीननं तोंड बंद ठेवलं, म्हणून नंबर जिवंत राहिला."

मी विस्तीनला जेवायला बोलवायला आले होते, ती दारातच थांबले.

पडद्याशेजारी प्रोफेसरानं एक फळा टांगला होता. त्यावर ऑनलाइन रुलेटचे तीन प्रकार आणि त्यांचा परतावा. लावलेल्या शंभर युरोंपैकी खेळणाऱ्यांकडे सरासरी किती परत येतात, तो आकडा. फ्रेंच टेबल, लाल-काळ्यावर लावलं तर, साडेअठ्ठ्याण्णवच्या वर. एका शून्याचं युरोपी टेबल, सत्त्याण्णवच्या वर. दोन शून्यांचं अमेरिकन टेबल, पावणेपंचाण्णव.

"अडाणी माणूस कुठं जाईल?" प्रोफेसरानं विचारलं.

"फ्रेंचवर!"

"म्हणून तर तो अडाणी! अरे, जे टेबल कमी परत देतं, तिथंच पैसा साठून राहतो. घराखालची भरलेली विहीर कुठली? जिच्यातून कमी उपसलं, ती! आणि आपल्या चर्चला दोन घड्याळं का आहेत, सांगा बघू?"

"सैतानाला खरी वेळ कळू नये म्हणून!" हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एक घड्याळ खरं, दुसरं चुकीच्या वेळेवर अडकवलेलं.

"मग चाकावर दुसरं शून्य कशाला असेल?"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. गंमत अशी की फळ्यावरचे आकडे अगदी बरोबर होते. माझा संशय तिथूनच सुरू झाला. खोटं बोलायचंच असेल तर माणूस आकडे खोटे लिहील. या माणसानं आकडे खरे लिहिले होते आणि गावाला नेमकं त्यातल्या सगळ्यात वाईट टेबलावर नेऊन बसवलं होतं. का?

त्याची पद्धत अशी होती. शुक्रवारी संध्याकाळी क्लबच्या ढोल ठेवायच्या खोलीत तो एकेकाला आत बोलावी आणि कानात एक नंबर सांगे. तो नंबर बायकोलाही सांगायचा नाही, कारण सैतान ऐकतो आणि चाक बदलतो. मग त्यानंच पाठवलेल्या दुव्यावरून, आपापल्या फोनवर, सगळ्यांनी एकाच फिरकीवर खेळायचं. दर शुक्रवारी कुणीतरी जिंकलंच होतं. पहिल्यांदा चिक्कू सुतार जिंकला. पुढच्या शुक्रवारी त्यानं सगळी बचत लावली आणि घालवली. "झोपेत बोलला असणार," प्रोफेसर म्हणाला. चिक्कू त्यानंतर क्लबकडे फिरकला नाही. त्याची खुर्ची लगेच दुसऱ्याला मिळाली.

सोमवारी सकाळी विस्तीन घोडी धुवायला किनाऱ्यावर गेला होता. स्तिल्ला ही त्याची शर्यतीची घोडी. वहिनी गेल्यापासून तो या घोडीशी बोलतो त्याच्या निम्मंही घरात माझ्याशी बोलत नाही. गुडघाभर पाण्यात ती शांत उभी होती.

"रविवारी गिऱ्हाईक येतंय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "बयाणा शुक्रवारी दुपारीच देणार. प्रोफेसर म्हणतात, या शुक्रवारी मला मोठा नंबर मिळेल. सगळं लावायचं."

"स्तिल्लाला विकून?"

"जिंकलो की परत घेईन. हिच्यासारख्या दोन घेईन."

"विस्तीन, त्या चाकावर अडतीस घरं आहेत आणि जिंकल्यावर लावलेले धरून छत्तीसपट मिळतात. दोन घरांचे पैसे दर वेळी कंपनीचे. सैतानाला चकवायला नाही, तुला चकवायला आहे ते दुसरं शून्य. आणि विहीरबिहीर काही नाही. मागं काय पडलं ते चाकाला आठवत नसतं."

त्यानं ओला ब्रश पाण्यात आपटला. "तू बोलणारच! ही चाकं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी कुणाची? पगार कुणाच्या पैशातून येतो? आम्ही जिंकायला लागलो तर तुम्हा लोकांच्या पोटात दुखणारच की!"

"आमचं काम चाक सरळ आहे की नाही, एवढंच बघायचं. ते सरळच आहे. म्हणूनच सांगते."

"मी जिंकलो, विटोरीन. माझ्या या हातात पैसे आले. तुझ्या टक्केवारीला हात लावता येतो का?"

तो खरोखरच जिंकला होता.

मंगळवारी शेजारच्या चेत्ता मावशीचा जिन्यावरून पाय घसरला आणि तिचं मनगट मोडलं. मी सूप घेऊन गेले, तर मावशी हातापेक्षा अपमानानंच जास्त कळवळत होती.

"माणूस विचारपूस करायला येतो, तर तुमचा तो प्रोफेसर विचारतो, मावशी, शुक्रवारी तुमच्या जागी कोण बसणार? अडतीसच हवेत म्हणे! एक कमी चालत नाही, एक जास्त चालत नाही. मी काय बँडमधला ढोल आहे, बदली द्यायला?"

माझा चमचा वाटीतच थांबला. "मावशी, किती हवेत म्हणाला?"

"अडतीस! संताच्या वेदीला म्हणे अडतीस मेणबत्त्या असतात. मी जन्मभर त्या वेदीची फुलं बदलली, मला कधी दिसल्या नाहीत!"

चाकावर घरं अडतीस. हॉलमध्ये माणसं अडतीस. मला मेणबत्त्या मोजायची गरज उरली नाही. पण हे मी एकटीनं सांगून कुणाला पटणार नव्हतं. मी कंपनीचीच ना. ते सगळ्यांना एकदम दिसायला हवं होतं.

"मावशी, गेल्या शुक्रवारी तुझा नंबर कुठला होता?"

मावशीनं एकदा छताकडे पाहिलं, मग बँडेजकडे. "चार," ती म्हणाली. "ऐकू दे सैतानाला."

शुक्रवारी मावशीच्या खुर्चीवर मी बसले. प्रोफेसर मला बघून हसला, पण डोळ्यांनी नाही. विस्तीनच्या खिशात बयाण्याचं पाकीट होतं. त्यावर त्याचा हात सारखा जात होता. ढोलांच्या खोलीकडे पहिला माणूस निघणार, तेवढ्यात मी उभी राहिले. क्लबच्या तोंबोल्याची मोठी पाटी मी आधीच टेबलावर मांडली होती. एक ते नव्वद आकड्यांची. कडेला खडूनं दोन गोल काढले होते, दोन शून्यांसाठी. शेजारी वाटीभर वालाचे दाणे.

"गेल्या शुक्रवारचा आपापला नंबर आठवत असेल सगळ्यांना," मी म्हटलं. "तोंडानं सांगू नका. त्याच्यावर दाणा ठेवा फक्त."

"नियम मोडू नका!" प्रोफेसर ताडकन उठला. "सैतान—"

"प्रोफेसर, ती गोळी आठ दिवसांपूर्वीच पडली. आता ऐकून सैतान काय करणार?"

नेनू काका मान हलवत म्हणाले, "हे मात्र खरं. नंबर शिळा झाला की."

"हा मावशीचा," म्हणत मी चारवर दाणा ठेवला. डोलोरनं एकोणतीसवर ठेवला. नेनू काकांनी अकरावर. मग रांग लागली. विस्तीननं सतरावर दाणा ठेवला, जरा तोऱ्यातच. पहिले पंधरावीस दाणे पडेपर्यंत लोक हसत होते, ढकलाढकली करत होते. मग हळूहळू आवाज बसत गेला. पाटीवर रिकामी घरं कमी होत होती आणि एकाही घरात दुसरा दाणा पडत नव्हता.

शेवटचा दाणा डाकघरातल्या तोनीचा. त्यानं पाटीवर बोट फिरवलं, कडेच्या गोलापाशी थांबला आणि दुसऱ्या शून्यावर दाणा ठेवला.

एक ते छत्तीस आणि दोन शून्यं. प्रत्येकावर एकेक दाणा. पुढचे सदतीस ते नव्वद कोरे.

"अगं बाई," डोलोर म्हणाली. "यानं तर सगळेच नंबर वाटले होते!"

"मग कुणीतरी जिंकणारच!" तोनी म्हणाला.

"दर वेळी," मी म्हटलं. "सदतीस जण हरतात आणि आपलंच काही चुकलं म्हणून गप्प बसतात. एक जिंकतो आणि खिडकीतून ओरडतो. आता फोन काढा आणि यांनी पाठवलेला दुवा बघा. शेवटची अक्षरं सगळ्यांची सारखी आहेत ना? गिऱ्हाईक कुणी आणलं, ते त्यावरून कंपनीला कळतं. आणि आणणाऱ्याला मिळतो आपण जे हरू त्यातला वाटा. जे टेबल जास्त गिळतं, त्यावर यांचा वाटा मोठा. फळ्यावरचे आकडे त्यांनी बरोबर वाचले होते. स्वतःच्या बाजूनं."

"या खोलीत सैतान शिरलाय!" प्रोफेसर ओरडला.

"शिरलाय खरा," नेनू काका म्हणाले. "मेलबर्नहून."

हशा उठला, पण त्यात आनंद नव्हता. कुणीतरी चिक्कूचं नाव घेतलं आणि हसूही थांबलं. प्रोफेसर कोट सापडेना म्हणून कोटाशिवायच जिना उतरला.

विस्तीन पाटीपाशीच उभा होता. सतरावरचा दाणा त्यानं उचलला, परत ठेवला.

"पण मी जिंकलो होतो," तो हळूच म्हणाला.

"हो. सतरावर नेनू काकांना बसवलं असतं, तर आज ते क्लॅरिनेट विकत असते."

त्यानं पाकीट बाहेर काढलं आणि बयाणा परत करायला रात्रीच्या जेवणाआधी स्वतः गेला.

रविवारी सकाळी स्तिल्ला पाण्यात उभी होती. बराच वेळ तिचे पाय चोळून झाल्यावर विस्तीननं विचारलं, "मग त्या तिन्हींतलं चांगलं टेबल कुठलं गं? खरं सांग."

"फ्रेंच."

"म्हणजे त्यावर माणूस जिंकतो?"

"नाही. त्यावर सगळ्यात सावकाश हरतो."

तो हसला, त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

ज्यांना अशी मंडळी भेटतील, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. शंभरातले किती परत येतात, हा आकडा कुठं ना कुठं लिहिलेला असतो. तो शंभराच्या खाली असेल, तर कुठल्याही कृपेनं तो वर जात नाही. आणि चमत्कारानं जिंकलेला एक माणूस कुणी तुमच्यासमोर उभा केला, तर त्याच्या पाया पडण्याआधी विचारा, बाकीचे सदतीस कुठं आहेत? आमच्या चर्चवरचं ते दुसरं घड्याळ अजून चुकीचीच वेळ दाखवतं. पण ते खोटं आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि त्याच्याकडे बघून कुणी आपली घोडी विकत नाही.