जड सुई

फरशीवर एक दात.

मेणाच्या नळकांड्याला बाहेरून हात लावायचा नाही. आत दोन बोटं घालून धरायचं, ग्लास विसळताना धरतात तसं.

"दाजी, बोटं! माझी बोटं!"

तपकिरी भुसा, पेन्सिल तासल्यावर पडतो तसा. पण मऊ.

आता क्रमाने.

दाजींचं घर नाणं टाकून वाजवायच्या जुन्या फोनोग्राफांनी भरलेलं. बायको असताना त्यांनी तिचं बोलणं मेणाच्या नळकांड्यावर कोरून घेतलं होतं. मेण दर खेपेला झिजतं, म्हणून ती गेल्यावर एकदाही वाजवलं नाही. तळहाताच्या फोडासारखं जपलं. मेहुण्याला एकदाच ऐकायचं होतं.

"ताई तुमच्या एकट्याची नव्हती, दाजी."

"नळकांडं माझ्या एकट्याचं आहे."

रविवारी मेहुण्याने ते कपाटातून काढलं, दारालगतच्या यंत्रात बसवलं आणि नाणं टाकलं. त्या यंत्राची सुई जड, सेल्युलॉइडच्या टणक नळकांड्यांसाठी. मेणावर ती नांगरासारखी चालते.

मागच्या खोलीतून दाजी आले तेव्हा यंत्राच्या ऐकायच्या रबरी नळ्या कानांत घालून मेहुणा रडत हसत होता. "ताई माझी नक्कल करतेय हो! ऐका!"

दाजींना सुईखालचा भुसा दिसला.

चावी द्यायचा लोखंडी दांडा त्यांनी मेहुण्याच्या तोंडावर हाणला. दात उडाला. मेहुणा यंत्राच्या कडेला धरून उठू लागला, तर दाजींनी शेजारच्या पेटीचं झाकण त्याच्या बोटांवर आपटलं आणि वर रेलले. हाडं मोडल्याचं दोघांनाही ऐकू आलं. मेहुण्याने डोक्याने धडक देऊन त्यांचं नाक फोडलं, रबराची नळी त्यांच्या गळ्याभोवती आवळली.

"खुनशी म्हाताऱ्या! ताईला पण असंच कोंडलंत!"

"तिला सोलतोयस तू! सोलतोयस!"

सुई कुणीही उचलू शकलं असतं, नुसतं एक बोट लागलं असतं. चारही हात एकमेकांच्या गळ्यावर होते. लोंबणाऱ्या नळीतून ती बारीक आवाजात बोलत राहिली, मग नुसती खरखर बोलत राहिली.

शेवटी सुई आपोआप उचलली जाऊन पहिल्या जागी आली. दाजींनी रक्ताळलेल्या बोटांनी दुसरं नाणं टाकलं. एक नळी स्वतःच्या कानात घातली, दुसरी मेहुण्याच्या.

खरखर.

नळकांडं बसवण्याआधी मेहुण्याने हाक मारून विचारलं होतं, "दाजी, एक वाजवू का? सुई बदलायची?" दाजी मागच्या खोलीत करवत चालवत होते. कुठलं ते न विचारताच म्हणाले, "वाजव. सुई आहे तीच राहू दे."