मावशीचा उजवा पाय

आधीच सांगते, मालिश करून घ्यायला मी काही हौसेने गेले नव्हते. परक्या माणसाने आपल्याला कणकेसारखं तिंबायचं आणि वर आपणच त्याचे आभार मानायचे, हा प्रकार मला कधी पटलेलाच नाही. भाचीची परीक्षा होती, म्हणून गेले.

भाचीला घरात सगळे मुंगी म्हणतात. लहानपणापासून तशीच आहे, गप्प, चिवट आणि आपल्याच चालीने चालणारी. ती मालिशचा रीतसर कोर्स करत होती, अंगातल्या झाडून सगळ्या स्नायूंची नावं पाठ करायला लावतात तसला. लेखी परीक्षेत वर्गात पहिली आली आणि प्रात्यक्षिकात आपटली. परीक्षकबाई समोर उभ्या राहिल्या की हिचे हात लटपटायला लागायचे. आता ही शेवटची संधी. पास झाली तर एका मोठ्या दवाखान्यात जागा तयार होती. नापास झाली तर सगळा कोर्स पुन्हा पहिल्यापासून. परीक्षेला माणूस आपणच न्यायचं, आणि तेही जन्मात कधी मालिश करून न घेतलेलं, असा त्यांचा नियम. ठरलेली मैत्रीण ऐन वेळी तापाने आडवी झाली आणि सकाळी सकाळी मुंगी माझ्या दारात उभी.

"मावशी, तू फक्त पडून राहायचंस. काहीच करायचं नाही," ती म्हणाली.

काहीच करायचं नाही! अगं, उभा जन्म मी लोकांना गाडी चालवायला शिकवतेय. माझ्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी ब्रेक असतो, तसाच एक माझ्याही पायाशी असतो. शिकणारा घाबरला, भांबावला किंवा नुकताच प्रेमात पडलेला असला, की तो मला दाबावा लागतो. त्यामुळे माझा उजवा पाय कायम ड्यूटीवर. सिनेमाला बसले तर पडद्यावरची गाडीसुद्धा मीच थांबवते. झोपेतही दाबते. आमचे हे आमच्या दोघांच्या मध्ये लोड ठेवून झोपतात, आणि तो लोडही आता फाटलाय.

वाटेत मी गाडी चालवत असताना मुंगीने मला सगळं समजावून सांगितलं. आधी ते दुखण्याखुपण्याचं विचारतील, खरं सांगायचं. कपडे आपल्याला सोयीचं वाटेल तेवढेच काढायचे, अंगावर चादर असते, जिथे काम चाललंय तेवढाच भाग उघडा. दुखलं तर बोलायचं, बाकी गप्प राहिलं तरी चालतं. पोट गुरगुरलं, झोप लागली, घोरलो, तरी लाजायचं नाही, सगळ्यांचं होतं. उठताना सावकाश उठायचं.

"आणि सूचना द्यायच्या नाहीत," ती हळूच म्हणाली.

"मी कशाला देईन सूचना?" मी म्हटलं आणि काच खाली करून शेजारच्या रिक्षावाल्याला ओरडले, "आरसा बघा, मागे बस आहे!"

मालिशची खोली छोटीशी होती. मंद दिवा, कोपऱ्यात टेबलावर गरम पाण्यात ठेवलेली तेलाची वाटी, आणि मधोमध एक अरुंद पलंग. पलंगाच्या एका टोकाला भोक असलेली गादी. परीक्षकबाई आल्या. उंच, कडक इस्त्रीच्या, आणि चेहऱ्यावर असं काही, की आपण उगाचच आपला गणवेश नीट आहे ना ते बघावं.

मुंगीने सुरुवात केली. आवाज इतका बारीक, की मलाच कान द्यावा लागला. "काही अ‍ॅलर्जी?"

"आहे. वळताना सिग्नल न देणाऱ्यांची."

"तेलाची, मावशी."

"तेलाची नाही."

"दाब कसा हवा? हलका, मध्यम की जोरात?"

"मध्यम. तिसऱ्या गिअरचा."

परीक्षकबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन माझी उजवी पोटरी दोन बोटांनी दाबली आणि भिंतीवर टकटक करून बघावं तसं पुन्हा एकदा दाबली. "हे लाकूड आहे," त्या मुंगीला म्हणाल्या. "हा पाय सैल करून दाखवा. शेवटी मी पुन्हा हात लावून बघणार. पाय असाच राहिला, तर बाकीचं कितीही छान केलंत तरी मी पास करणार नाही."

मुंगीच्या तोंडचं पाणी पळालं. माझं नाही पळालं. पाय माझाच होता, त्याला एक ताकीद दिली की झालं, असं मला वाटलं.

दोघी बाहेर गेल्या. मी कपडे काढले, घड्याळ आणि मोजे तेवढे ठेवले, आणि चादर ओढून पडले. आता त्या भोकाचं काय करायचं ते कुणी सांगितलं होतं का? मी आपली उताणी झोपले आणि डोक्याची मागची बाजू भोकात घातली. डोकं आत गेलं आणि हनुवटी छताकडे. दोघी परत आल्या, तेव्हा मला फक्त छत दिसत होतं.

"मावशी, पालथी," मुंगी कुजबुजली.

पालथी झाले, तोंड भोकात घातलं, आणि काय सांगू, मला आनंदच झाला. खाली थेट जमीन दिसत होती आणि जमिनीवर पाय! मी माणसं पायांवरून ओळखते. माझ्या शेजारी बसलेला माणूस तोंडाने काहीही थापा मारो, त्याचे पाय खोटं बोलत नाहीत. हे परीक्षकबाईंचे बूट, काळे, स्थिर, दोन्ही पायांवर सारखा भार. आणि ही आमची मुंगी, चवड्यांवर उभी, टाचा अधांतरी. अशी उभी राहिली तर जोर काय कपाळ येणार?

"टाच खाली!" मी भोकातून ओरडले.

मुंगीचे हात माझ्या पाठीवर थबकले.

"क्लायंटने सूचना देऊ नयेत," परीक्षकबाईंचे बूट म्हणाले.

तोंडाला कुलूप लावलं. मुंगीने तेल घेतलं आणि मानेपासून सरळ खाली हात नेला. गरम गरम, छान वाटलं, नाही म्हणत नाही. पण कमरेजवळ हात आला, की तिथे वळण आहे हे मला माहीत! आणि ही बया वेग कमी करेना. माझी बोटं आपोआप गादीत रुतली, पोटरी दगड झाली. पुन्हा मान, पुन्हा उतार, पुन्हा वळण, पुन्हा ब्रेक. मनातल्या मनात पायाला मी शिव्या घातल्या, हात जोडले, तुझी शपथ म्हटलं. पाय ऐकेल तर शपथ! मुंगी पोटरीवर आली, अंगठ्याने, कोपराने, सगळ्या युक्त्या केल्या. ती दाबायची तसा तो जास्तच ताठायचा. वर तिच्या धापा ऐकू येत होत्या आणि खाली तिच्या टाचा पुन्हा उचलल्या गेल्या होत्या. बोलायची सोय नव्हती. बोलता येत नाही म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि तिळपापड झालेलं अंग सैल कसं होणार?

"आता उताणी हो, मावशी. सावकाश."

उताणी झाले. मुंगीने माझ्या डोळ्यांवर मऊ पट्टी ठेवली. म्हणे त्याने आराम पडतो. मला! ज्या बाईने आयुष्यात समोरच्या रस्त्यावरून डोळे हलवले नाहीत तिला! काळाकुट्ट अंधार, गाडी चालू, आणि चालवणारी घाबरलेली. पाय वाट बघतच होता. परीक्षकबाई जवळून बघायला पलंगाच्या पायथ्याशी आल्या, हे मला काय ठाऊक? तेवढ्यात बाहेर रस्त्यावर कुणीतरी कर्कश्श हॉर्न मारला, आणि मी दाबला.

असा दाबला की विचारू नका. पाय सरळ परीक्षकबाईंच्या पोटात. "हुं" असा आवाज आला, मग टेबलाचा, आणि मग तेलाच्या वाटीचा. मी पट्टी वर करून बघितलं. परीक्षकबाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या इस्त्रीवर तेल होतं, आणि पोटावर माझ्या मोज्याचा ठसा.

"थांबवायचं का?" त्यांनी मुंगीला विचारलं. रागाने नाही हो, अगदी शांतपणे विचारलं, आणि त्यानेच माझं धाबं दणाणलं. पोरीचं वर्ष गेलं, जागा गेली, आणि माझ्या पायापायी. मला रडूच यायला लागलं. "अहो, तिची काही चूक नाही," मी म्हणायला लागले, "हा पाय मेला…"

"मावशी," मुंगी म्हणाली, "पट्टी खाली घे."

हा आवाज बारीक नव्हता. मी निमूट पट्टी खाली घेतली. तिने माझा मोजा काढला आणि तळव्याला आपला तळहात लावून उभी राहिली.

"दाब," ती म्हणाली. "ब्रेक आहे असं समज. आहे नाही तेवढा जोर लाव."

मी कधीपासून त्याचीच वाट बघत होते. सगळं बळ एकवटून दाबला. तिचा हात हलला नाही. टाचा जमिनीला टेकवल्या असणार, नाहीतर शक्यच नाही.

"गाडी थांबली?"

"थांबली," मी म्हटलं.

"हँडब्रेक ओढला. गिअर न्यूट्रल. इंजिन बंद. चावी माझ्या खिशात." जरा थांबून ती म्हणाली, "आता पाय काढा."

हे माझं वाक्य आहे. प्रत्येक शिकवणीच्या शेवटी, प्रत्येकाला, याच क्रमाने मी हे म्हणते. मुंगी शिकत होती तेव्हा तिलाही म्हणायचे. इतक्या लोकांना इतक्या वेळा म्हटलं, पण मला ते आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. कोण म्हणणार? गाडी थांबल्यावर दुसरा चालवणारा बसायचा, की मी पुन्हा तयार. पट्टीखाली डोळे भरून आले आणि कानांत ओघळ गेले. तेल गेलं असं मी नंतर सांगितलं, पण ते तेल नव्हतं. पायाने आणखी थोडा वेळ तिचा हात दाबून बघितला, खरंच थांबलीय ना याची खात्री केली, आणि मग काढला.

त्यापुढचं मला मुंगीने सांगितलं. मी घोरले म्हणे. साधंसुधं नाही, चढावर ट्रक चढतो तसं. मुंगीने तो पाय घेतला आणि आपल्या चालीने, घाई न करता, घोट्यापासून मांडीपर्यंत अख्खा मोकळा केला. बाहेर आणखी दोनदा हॉर्न वाजले. परीक्षकबाई आधी लांबच उभ्या होत्या, मग बाजूने, जपून जपून जवळ आल्या आणि त्यांनी पोटरी दाबली. मग पाय उचलून बघितला. सोडला तर भदकन पडला, आणि मी कूससुद्धा बदलली नाही.

"झोपू दे त्यांना," त्या म्हणाल्या. "तुम्ही पास आहात." दारातून जाताना पोटावर हात फिरवत त्यांनी विचारलं, "ह्या गाडी शिकवतात वाटतं? माझ्या मुलाला पाठवू का? फार जोरात चालवतो."

जागी झाले तेव्हा मुंगी शेजारी उभी राहून हसत होती. माझा जीव भांड्यात पडला. तिने मला पाणी दिलं, सावकाश बसवलं, आणि मी चावीसाठी हात पुढे केला तर म्हणाली, "मालिश झाल्या झाल्या चालवायचं नसतं. मी नेते."

"माझी गाडी? तू?"

"लायसन्स तुझ्याकडेच शिकून मिळवलंय, मावशी."

मी माझ्या नेहमीच्या जागी बसले. पायाशी माझा ब्रेक होताच, झिजून चकचकीत झालेला. बूट मी काढून मागच्या सीटवर टाकले आणि दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली. पहिल्याच वळणावर एक कुत्रं रस्त्यात आलं. माझ्या तोंडून "अगं अगं अगं" निघालं, पण पाय मांडीतच राहिला. मुंगीने वेग कमी केला, गाडी अलगद थांबवली, कुत्र्याला जाऊ दिलं. एवढी छान गाडी थांबवायला कुणी शिकवलं हिला, असं मनात आलं आणि माझं मलाच हसू आलं.

आमच्या घरासमोर तिने गाडी लावली. हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रल केला, इंजिन बंद केलं, चावी काढून माझ्यापुढे धरली.

"उतर, मावशी. घर आलं."

मी मांडी मोडली नाही. शिकवणीची वेळ संपली की एक मिनिटसुद्धा जास्त न देणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे.

"चावी लाव परत," मी म्हटलं. "अजून एक चक्कर मार."

एवढं बोलले आणि डोळे मिटून घेतले.