बेनिताचा उजवा कान

बेनिताचा कान वाहतो, ही गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या तिवी बेटावर कुणालाच नवी नव्हती. ती चार वर्षांची असल्यापासून तो वाहत होता. अर्ध्या शाळेचे कान वाहायचे, त्यात विशेष ते काय? पण तिची थोरली बहीण अन्सिला बेटावरच्या दवाखान्यात आरोग्यसेविका होती, आणि यंदा त्या कानाचा वास बदललाय हे तिच्या नाकाने हेरलं. आता कुजक्या मासळीसारखी घाण येत होती.

तिने बेनिताला बसवून कानात दुर्बीण घातली. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात खड्डा पडला होता आणि त्यात पांढरंफटक, पापुद्र्यांचं काहीतरी दडून बसलं होतं. असं चित्र तिने प्रशिक्षणात पाहिलं होतं. कोलेस्टिएटोमा. कातडी पडद्याच्या आतल्या बाजूला वाढते, तिची पिशवी बनते आणि ती पिशवी आजूबाजूचं हाड खात सुटते. थेंबांनी ती जात नाही.

त्या महिन्यात फिरतीवर आलेला डॉक्टर नवाच होता. दर वेळी नवाच असायचा. जुना संसर्ग आहे म्हणत त्याने थेंब लिहून दिले. अन्सिलाने बेनिताचे वीस वर्षांचे कागद त्याच्यासमोर ठेवले. पानोपानी तेच थेंब. डॉक्टर जरा ओशाळला, कान साफ करून त्याने पुन्हा नीट पाहिलं, आणि तुमचंच बरोबर आहे म्हणाला. कानाचे फोटो शहरातल्या सर्जनकडे गेले. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली ती आठ महिन्यांनंतरची.

बेनिताला बरंच वाटलं. मार्चमध्ये फूटीची, म्हणजे तिकडच्या फुटबॉलची, फायनल होती आणि तिच्या संघाची सगळी मदार तिच्यावर होती. अन्सिला मात्र रोज संध्याकाळी तिचा कान आणि चेहरा तपासू लागली; पिशवी चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचली, तर चेहरा वाकडा होतो.

"ताई, तू माझी बहीण आहेस की पोलीस?"

"दोन्ही. भुवया वर कर."

सहाव्या आठवड्यात अन्सिलाने कानाच्या तोंडाशी बोट दाबलं, तर बेनिताने खुर्ची घट्ट धरली. सगळं गरगर फिरत होतं. दोन दिवसांनी चहा पिताना तो ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळला. उजवा डोळा पुरता मिटेना.

अन्सिलाने शहरात फोन लावला. तिकडची बाई यादीतला नंबर सांगू लागली.

"मी यादीचं विचारत नाहीये," अन्सिला म्हणाली. "तिचा चेहरा आज सकाळपासून वाकडा झालाय. सर्जनना एवढं एकच वाक्य सांगा. मी फोन धरून थांबते."

ती चाळीस मिनिटं थांबली. मधे फोन खांद्यात धरून तिने एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम बांधली. अखेर सर्जनबाई हार्टिगन फोनवर आल्या, त्यांनी ऐकून घेतलं आणि मिळेल त्या पहिल्या विमानाने यायला सांगितलं.

दोघी शहरात पोचल्या. स्कॅनमध्ये दिसलं, की चेहऱ्याच्या नसेवरचं हाड पोखरलं गेलंय आणि मेंदूच्या बाजूला हाडाचा कागदासारखा पातळ पडदा उरलाय. ऐकू येईल का, असं बेनिताने विचारलं. हार्टिगनबाईंनी खोटी आशा दाखवली नाही. कान कोरडा करणं आणि जीव वाचवणं हे पहिलं, ऐकण्याचं नंतर बघू, असं त्या म्हणाल्या.

बाई गेल्यावर बेनिता कपड्यांची पिशवी भरू लागली. "मला घरी ने. मामा असाच कान घेऊन इथे आला होता. परत आला का?"

अन्सिलाने तिची समजूत घातली नाही. "मामा ताप डोक्यात गेल्यावर आला," ती म्हणाली. "तू त्याआधी आलीयस. मी रोज बघत होते, ते यासाठीच."

बेनिताने भरलेले कपडे परत बाहेर काढले. मग तिने पिशवी पलंगाखाली सरकवली.

शस्त्रक्रिया पाच तास चालली. कानामागचं हाड कोरून आतली कातडीची पिशवी काढली. कानातली दोन इवली हाडं त्या पिशवीने आधीच खाऊन टाकली होती. चेहरा सरळ व्हायला दोन महिने लागले. उजव्या कानाने जेमतेम ऐकू येतं. फायनल हुकली, संघ हरला, आणि संघातल्या बायका अजून त्याचं खापर बेनिताच्या कानावर फोडतात. वर्षभराने काही उरलंय का हे बघायला पुन्हा कान उघडला तेव्हा त्या पिशवीचा मोहरीएवढा पांढरा कण सापडला. तोही काढला.

आता प्रत्येक सत्रात अन्सिला शाळेतल्या सगळ्या पोरांचे कान तपासते. पोरं पळतात, पण बेनिता दारात उभी असते, त्यामुळे फार लांब जात नाहीत.