नवव्या दिवसाचा घोट

आमच्या धंद्यात चहा गिळणं हा गुन्हा आहे. मी चहाच्या कंपनीत चाखणारा. लांबलचक टेबलावर पन्नासेक पांढऱ्या वाट्या मांडलेल्या असतात. चमचाभर चहा जोरात भुरकायचा, जिभेवर फिरवायचा, चाकं लावलेल्या पिकदाणीत थुंकायचा आणि दहापैकी गुण सांगायचे. सव्वीस वर्षांत मी कामावर एक थेंब गिळला नव्हता. पिण्यासाठी घर होतंच की! दिवसाला सहा कप.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझं पोट दाबून नुसतं "हं" म्हटलं आणि त्या एका "हं"वर बायकोने भिंतीला कागद डकवला. चौदा दिवसांचा डिटॉक्स. चहा नाही, कॉफी नाही, साखर नाही. सकाळी कोमट पाणी, दुपारी काकडीचा रस, संध्याकाळी पुन्हा काकडीचाच रस, फक्त ग्लास वेगळा.

"तुमच्याबरोबर मीही कॉफी सोडतेय," ती म्हणाली. सकाळची कॉफी पोटात गेल्याशिवाय हिच्याशी बोलायची माझी छाती होत नाही, हे इथे सांगून ठेवतो.

"आणि ऑफिसात?"

"थुंकता ना? मग थुंका की!"

तिसऱ्या दिवशी माझं डोकं ठणकायला लागलं. पाचव्या दिवशी मी दाराच्या कडीशी भांडलो. ही मात्र कपाळाला पट्टी बांधून गुमान काकडी किसत होती. हिला काहीच कसं होत नाही, याचाही मला राग येत होता.

नवव्या दिवशी अकराच्या सुमारास बत्तीस नंबरच्या वाटीपाशी घात झाला. भुरकला, फिरवला आणि गिळला. मग दुसरा चमचा. तोही गिळला. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या!

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. साहेब धावतच आले.

"गिळलात? तुम्ही?" त्यांचा चेहरा उजळला. "अहो, ज्या चहाने तुमचा नेम मोडला, तो काय असेल!" आणि माझं तोंड उघडायच्या आत त्यांनी फोन उचलला. "बत्तीस नंबर. सगळा माल आपल्याला. एक पोतं दुसरीकडे जाता कामा नये."

दोन चमचे पोटात जाताच जीभ ताळ्यावर आली आणि मला दरदरून घाम फुटला. बत्तीस नंबर म्हणजे ओल्या पुठ्ठ्याचा काढा. फार तर चार गुण. गप्प बसलो तर गिऱ्हाइकं वर्षभर पुठ्ठा पिऊन कंपनीचा उद्धार करणार. खरं बोललो तर माझ्या जिभेवर पुन्हा कोण विश्वास ठेवणार? आणि ती जीभ सोडली तर माझ्याकडे आहे काय?

"साहेब, फोन ठेवा," मी म्हणालो. "चहा भिकार आहे. मी डिटॉक्सवर आहे."

साहेबांनी फोन ठेवला. मग काहीतरी सुचून त्यांनी गुणांची वही ओढली. पहिल्या दिवशी माझे गुण पाचाच्या आसपास होते. सहाव्या दिवशी सगळ्यांना नऊ. आदल्या दिवशी तर एका चहाला मी अकरा दिले होते. दहापैकी! माझ्या दराऱ्यामुळे कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

"घरी जा. चहा प्या," साहेब म्हणाले. "उद्या हे सगळे नमुने पुन्हा चाखायचे. मग तुमच्या जिभेचं काय ते ठरवू."

भर दुपारी मला दारात बघून बायको घाबरली. मी काही न लपवता सगळं सांगितलं. उद्या नोकरी राहील की नाही, तेही सांगितलं.

"कसा होता तो चहा?" तिने विचारलं.

"भिकार."

"किती प्यायलात?"

"दोन चमचे."

"नोकरीचं बघू काय ते," ती म्हणाली आणि मग तिचा आवाज चढला. "पण नऊ दिवस माझं डोकं फुटतंय! तुमचा धीर सुटू नये म्हणून चकार शब्द काढला नाही मी. आणि तुम्ही नेम मोडलात तो असल्या चहासाठी? तेही एकट्याने?"

मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. मी गुपचूप स्वयंपाकघरात गेलो आणि आधी तिची कॉफी टाकली.