डबडं घेऊन आत येऊ नये

मौद्याच्या अलीकडे, कन्हान नदीपासून कोसभर आत, चंपतरावांचं पाच एकर झुडपी जंगल होतं. पळस, हिवर, बोरी आणि मधेमधे वारुळं. खाली नुसता मुरूम, म्हणून त्याला नांगर कधी लागला नाही. पण त्यात मोर होते. चंपतरावांनी एकदा ते मोजायला घेतले, अकरापर्यंत गेले, मग बारावा तो पहिलाच तर नव्हे, या विचारात पडले आणि नाद सोडून दिला.

१९७८ साली एक ठेकेदार वीटभट्टीच्या जळणासाठी ते झुडूप मागायला आला. चंपतरावांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं, पण जिवाला घोर लागला. आपण आहोत तोवर ठीक, पुढं पोरं विकून मोकळी होतील. ते तडक नागपूरला गेले आणि जंगल खात्याच्या साहेबांपुढं उभे राहिले.

"साहेब, माझ्या जंगलाले कायद्याचं कुंपण घालून द्या."

"जंगल कोणाचं?"

"माझं."

"मग आम्ही कसं राखणार? सरकारच्या नावानं करून द्या, मग राखू."

"पण मंग ते माझं कसं राहीन?"

"नाहीच राहणार," साहेब म्हणाले.

चंपतरावांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि प्रताप नगरात गोपाळराव वकिलांचं घर गाठलं. खाजगी जमिनीवर अभयारण्य करायची कायद्यात सोय सापडत नाही, पण मनाईही कुठं दिसत नाही, असं म्हणत गोपाळरावांनी चार पानांचं घोषणापत्र लिहिलं आणि त्याची रजिस्ट्री करून घेतली. तोड नाही, चराई नाही, शिकार नाही. शिवाय 'मोरांचे शांततेस बाधा येईल असा कोणताही मनुष्य, खुद्द मालकसुद्धा, सदर जागेत प्रवेश करणार नाही.' ते 'खुद्द मालकसुद्धा' चंपतरावांना इतकं आवडलं, की त्यांनी वकिलांकडून ते तीनदा वाचून घेतलं.

गावात येऊन त्यांनी काटेरी तार ओढली, पाटी ठोकली. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला सारा गाव तारेबाहेर उभा! बायांची जागा वेगळी, नाल्याकडं होती, त्या नुसत्या मजा पाहायला आलेल्या. पण पुरुषांच्या हातात पाण्यानं भरलेलं एकेक डबडं होतं.

ही गोष्ट चंपतरावांच्या डोक्यातच आली नव्हती. गावातले झाडून सगळे पुरुष रोज सकाळी त्याच झुडपात जात. त्यांचे बाप, आजेही तिथंच गेलेले.

गावातले सगळ्यात म्हातारे दादाजी पुढं आले. "काहून गा चंपत, हे का लावून ठेवलं?"

"अभयारण्य हाय दादाजी. मोरायसाठी."

"आमचा तरास होते म्हणून मोरानं सांगतलं का तुले? साठ वर्सं झाले, मी इथं येऊन राहिलो. मोर माझ्याकडे पाहते, मी मोराकडे पाहतो. कोणाचंच काही अडलं नाई. तार काढ, मले घाई हाय."

चंपतरावांनी तार काढली नाही. गावानं नागपूरच्या कोर्टात दावा ठोकला, आणि निकाल लागेपर्यंत सगळ्यांची जा-ये पूर्वीसारखीच चालू राहील असा हुकूम मिळवला.

गावाचे वकील देवराव नव्या दमाचे होते. त्यांनी खड्या आवाजात वाचलं, "वादी ग्रामस्थ सदर जागेचा वापर वीस वर्षांहून अधिक काळ शांततेने, उघडपणे, अखंडपणे आणि हक्क म्हणून करीत आले आहेत."

'उघडपणे'ला मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. न्यायाधीशांनी चष्मा पुसत विचारलं, "अखंडपणे?"

"म्हणजे रोज, साहेब."

गोपाळरावांचा चेहरा पडला. ते चंपतरावांच्या कानाशी लागले. "वीस वर्षं अशी वापरली की वहिवाटीचा हक्क होतो. मग आपलं घोषणापत्र गेलं कामातून. मालकाच्या परवानगीनं येत होते असं निघालं, तरच वाचू. परवानगीचा हक्क होत नसतो."

"पण याच्यासाठी कोण परवानगी मागते, वकीलसाहेब?"

दादाजी साक्षीला उभे राहिले. गोपाळरावांनी विचारलं, "तिथं कोणी अडवलं नाही तुम्हाला?"

"एकदा रानडुकरानं अडवलं. पण ते मालक नोयतं."

"चंपतरावांचे वडील, बापूजी, तिथं भेटत?"

"रोज. तेबी डबडं घेऊनच येत."

"तुम्हाला पाहून काय म्हणत?"

दादाजींचा चेहरा फुलला. "लय देवमाणूस होता, साहेब! मी लाजून मागं सरलो का म्हणत, 'या दादाजी, बसा, बसा. आपलीच जागा समजा!' लहानमोठं पाहत नोयते. सगळ्यायले बसा म्हटल्याबिगर सोता बसत नोयते."

"हीच ती परवानगी, साहेब!" गोपाळराव गरजले. देवरावांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. न्यायाधीशांनी ओठ घट्ट मिटून बराच वेळ काहीतरी लिहिलं, आणि पुढच्या तारखेला दावा फेटाळला. बापूजींनी दिलेली परवानगी मुलाला काढून घेता येते, असा निकाल.

चंपतराव पेढे घेऊन घरी आले. त्यांच्या बायकोनं, सत्यवतीबाईंनी, पुडा हातात घेतला आणि विचारलं, "जिंकले म्हणता. मंग उद्या सकाळी तुमी कुठं जासान?"

घोषणापत्रातलं 'खुद्द मालकसुद्धा' पक्क्या शाईत होतं.

दुसऱ्या दिवशी गावासारखे तेही डबडं घेऊन गावापलीकडच्या कालव्याच्या वाटेला लागले. अर्धा कोस चाल. पुढं सारा गाव, मागं एकटे चंपतराव, आणि कोणी त्यांच्याशी बोलेना. तिसऱ्या दिवशी दादाजी वाटेत गुडघे धरून बसलेले दिसले, तेव्हा मात्र चंपतरावांना राहवलं नाही. चौथ्या दिवसापासून त्यांनी बैलगाडी जुंपली आणि गावातल्या पाच म्हाताऱ्यांना रोज कालव्यावर नेऊ लागले. खाचखळग्यांतून गाडी जाताना पाची जण डबडी छातीशी धरून बसत, तरी निम्मं पाणी धोतरावर सांडे.

एका सकाळी गाडी झुडपापाशी आली, तेव्हा तारेच्या खांबावर एक मोर बसला होता. त्यानं मान वर करून अशी काही आरोळी ठोकली, की बैल बिचकले.

"पाह्य," दादाजी म्हणाले. "करमून नाई राहिलं त्याले."

"तसं वाटते खरं," चंपतराव म्हणाले. त्यांनाही जरा वाईटच वाटलं.

"ते जाऊ दे. तू बैलायले जरा पळव गा, मले घाई हाय."