लाल दांडीतलं दुसरं कोण?

बारकीच्या पोटात गोळा यायला भूत-बीत काही लागत नसे. गणिताच्या तासाला तो रिमोट हातात पडला की पुरे. आता तुम्ही म्हणाल, तीन तर बटणं, त्यांना काय मेलं भ्यायचं! पण तिसरीतल्या पोरांनी उत्तराचं बटण दाबलं की रिमोटवर हिरवा ठिपका लुकलुके आणि समोरच्या पडद्यावर दांड्या उभ्या राहत. बरोबरवाल्यांची हिरवी, चुकलेल्यांची लाल. नावं नसत, पण दांडीवर आकडा असे. आणि लाल दांडीत बारकी असायचीच.

आधार एवढाच, की तिथे कधी 'एक' दिसला नव्हता. निदान दोन असायचेच. आपल्यासारखंच आणखी कुणीतरी ढ आहे, या विचारावर बिचारी तग धरून होती.

आज मात्र मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, मागच्या बाकावर येऊन बसल्या. "आज ज्याचं चुकेल, तो उद्यापासून दुसरीच्या वर्गात," त्यांनी आल्या आल्या बजावलं. दुसरीत बारकीचा धाकटा भाऊ होता. 

प्रश्न आला: एकाच पट्टीचा कोणता भाग मोठा, एक तृतीयांश की एक चतुर्थांश? चार मोठे, म्हणून बारकी नेहमी चतुर्थांशच दाबायची. आज भीतीनं ती फ्रॉकची कड मुडपत बसली होती. तीन घड्या. मग चार. चारातली घडी इवलीशी झाली. अगं बाई! तिनं तृतीयांश दाबलं आणि आशेनं गणित शिकवणाऱ्या वर्गाच्या बाईंकडे पाहिलं.

बाई खिडकीपाशी उभ्या होत्या, एक हात स्वेटरच्या खिशात. खिशाच्या लोकरीतून हिरवा ठिपका लुकलुकला.

पडद्यावर हिरवी दांडी वर गेली. लाल दांडीवर आकडा होता एक.

"कोण हा एकटा दिवा लावणारा? उभा राहा," मोठ्या बाई कडाडल्या. "नाहीतर मशीनमधून रिमोटचा नंबर काढते."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. बारकीला एकदम सगळं उमगलं. इतके दिवस आपल्या सोबतीला कोण होतं, ते. जन्मात पहिल्यांदा ती हिरव्यात होती. नुसतं गप्प बसायचं होतं. तरी ती उठली.

"मी, मोठ्या बाई."

पोरं फिदीफिदी हसली.

"बस खाली, बारकी," बाई म्हणाल्या. खिशातला हात बाहेर आला, त्यात रिमोट होता. "तिचं बरोबर आलंय. चुकीचं मी दाबलं. रोज मीच दाबते, तिला एकटं वाटू नये म्हणून. आज तिला येईल, असं मला वाटलंच नव्हतं."

मोठ्या बाई उठून पुढे येऊ लागल्या.  बारकीला रडू फुटलं.

"बाईंना दुसरीत नका ना बसवू," ती हुंदके देत म्हणाली.