बापूजींच्या नावाची कुबडी

माझ्या अंगावर जे नाव होतं ते माझं नव्हे, मित्रांनो. त्या नावापायीच एका बाईचा हात जायची वेळ आली होती. मी आपली साधी सागवानी कुबडी. आता जुनी झाले आहे. खाली रबराचं टोपण, वर काखेपाशी गादी, सोबतीला अगदी माझ्यासारखीच एक बहीण. आणि मी रागावलेली आहे. आधीच सांगून ठेवते.

चाळीसगावच्या शालिग्राम मिस्त्रींनी मला घडवलं, सन शहाऐंशीत. माणूस तोंडाचा फटकळ, पण कामाचा चोख. माझ्या खालच्या दांड्यात त्यांनी ओळीने भोकं पाडली, मुठीपाशीही पाडली आणि हाताने फिरतील असे कानाचे नट बसवले. "नट सैल करायचा, माणसाच्या उंचीएवढा दांडा वरखाली करायचा, पुन्हा आवळायचा. शेंबडं पोरही करील," असं म्हणून त्यांनी मला गिऱ्हाइकाच्या हाती दिलं.

गिऱ्हाईक म्हणजे दीपचंदशेठ, भुसार मालाचे व्यापारी. त्यांचे वडील मोतीलालजी नुकतेच वारले होते. बापूजींच्या स्मरणार्थ गरजूंना कुबड्या फुकट वापरायला द्यायच्या, असं शेठनी ठरवलं होतं. विचार चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण नाव दिसायला नको का! झुलाल पेंटरला बोलावलं. त्याने हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात मारले, दांड्यावर, भोकांवर, नटांवर, कुठे म्हणून जागा सोडली नाही. वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'स्व. शेठ मोतीलालजी यांच्या स्मरणार्थ', आणि तेही बरोबर नटांवरून! रंग वाळला आणि नट जागच्या जागी चिकटले. शेठनी आम्हाला दुकानाच्या पायरीवर उभं करून फोटो काढला आणि सगळ्यांनी वाहवा केली.

तेव्हापासून जो येईल तो आम्हाला घेऊन जाई. ताडमाड पोलीस असो की ठेंगणी म्हातारी, आमची उंची तीच. कुबडीच तर आहे, कुणाचीही कुणालाही चालते, असं म्हणायचे सगळे. अरे, चप्पल घेताना दहा वेळा पाय घालून बघता ना? मग कुबडी घेतानाच तुमची अक्कल कुठे जाते?

मग आल्या द्रौपदाबाई. खापरावरचे मांडे करण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पुरण भरलेली कणीक दोन्ही पंजांवर, मनगटांवर झुलवत त्या अशी पातळ करत की आरपार दिसावं. लग्न असो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असो, पहिलं बोलावणं त्यांना. त्यावरच त्यांचं घर चालायचं. अशाच एका लग्नघरी ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला आणि नडगीचं हाड मोडलं. पायाला प्लॅस्टर चढलं आणि त्यांची लेक लिला शेठच्या दुकानातून आम्हा बहिणींना घेऊन गेली.

बाई ठेंगण्या, आम्ही उंच. आमच्या गाद्या थेट त्यांच्या काखेत घुसल्या. भार हाताच्या मुठीवर टाकायचा असतो, हे त्यांना कोण सांगणार? त्या दिवसभर काखेवर लटकत. हाताला मुंग्या येतात म्हणाल्या, तर शेजारीण म्हणे, होईल सवय. डोंबलाची सवय! मी कळवळत होते, पण लाकडाचं ऐकतो कोण?

एका सकाळी त्यांनी कपबशी उचलायला हात पुढे केला, तर उजवा पंजा मनगटापासून खाली लोंबला. काही केल्या वर होईना.

"मना हात उठत नही वं, लिला!" म्हणून त्यांनी हंबरडाच फोडला.

गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं, अंगावरून वारं गेलं. कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं. एका शहाणीने तर माझ्याकडेच बोट केलं, "ही कुबडीच पांढऱ्या पायाची शे!" मला पाय तरी आहे का? रबराचं टोपण आहे, आणि तेही काळंकुट्ट!

लिला मात्र आईला घेऊन जळगावच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथे फिजिओथेरपीच्या बाविस्करबाई होत्या. त्यांनी द्रौपदाबाईंना माझ्या आधाराने उभं केलं आणि माझी गादी नि त्यांची काख यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली. एक बोटही जाईना.

"कुणी दिली ही अशी?" त्या कडाडल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माझ्या वतीने चिडणारं पहिलंच माणूस ते.

मग आवाज खाली आणून त्यांनी समजावलं, "अक्का, हा लकवा नाही. एक नस मानेतून निघते, काखेतून जाते, दंडाच्या हाडाला मागून वळसा घालते. मनगट आणि बोटं वर उचलणाऱ्या स्नायूंना तीच हुकूम देते. ती दबली, म्हणून स्नायू गप्प झाले."

"बाई, मांडा करता येतीन का माले?" द्रौपदाबाईंनी एवढंच विचारलं.

"नस तुटलेली दिसत नाही. दाब काढला तर हात येईल. पण तो आज निघायला हवा, उद्या नाही."

त्यांनी नट फिरवून पाहिला. हलेना. मग चाकू घेऊन त्या रंग खरवडू लागल्या. मोतीलालजींच्या नावाच्या खपल्या टेबलभर उडाल्या. नट करकरत फिरला, दांडा खाली आला आणि काखेखाली तीन बोटं मावतील एवढी जागा झाली. माझ्या बहिणीचंही तसंच केलं.

पुढे मनगटाला आधाराची पट्टी, विजेचे हलके झटके, व्यायाम. आठवड्यामागून आठवडे गेले तरी पंजा ओल्या फडक्यासारखा पडलेलाच. द्रौपदाबाई त्याच्याकडे पाहून दातओठ खात. आखाजी आली आणि गेली, त्यांच्या घरी खापर चढलं नाही. पुढे एकदा बाविस्करबाईंनी त्यांच्या कोपराखाली बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हलला! अक्का, स्नायू जागा होतोय." बाहेरून कुणाला काहीच दिसत नव्हतं, तरी द्रौपदाबाईंनी व्यायाम सोडला नाही.

पाय बरा झाल्यावर मायलेकी आम्हाला परत करायला दुकानात आल्या. शेठनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा पारा चढला.

"बापूजींचं नाव खरवडलं? फुकट वापरायला दिलं, त्याचे हे पांग फेडले? झुलाल, डबा आण!"

झुलालने ब्रश हिरव्या रंगात बुडवून माझ्या नटावर आणला.

"थांबा!" द्रौपदाबाई ओरडल्या. "नाव लिखनं व्हई ते वर लिखा! आठे नही!"

ब्रश हवेतच राहिला, पण तो काही त्या ओरडण्यामुळे नव्हे. झुलालच्या तोंडासमोर द्रौपदाबाईंचा उजवा पंजा आडवा आला होता. थरथरत होता, बोटं अजून अर्धवट वाकलेली होती, पण तळवा पुढे करून उभा होता.

"माय," लिला कशीबशी म्हणाली, "तुना हात!"

द्रौपदाबाईंनी हाताकडे पाहिलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण हात त्यांनी खाली घेतला नाही. रंगाने चिकटलेल्या नटांपायी आईचा हात कसा लुळा पडला होता, ते लिलाने शेठना सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतःच डब्याला झाकण लावलं.

तर मित्रांनो, कुबडी घ्याल तेव्हा आधी माणूस मापा. काखेखाली तीन बोटं मोकळी ठेवा, भार मुठीवर टाका, हाताला मुंग्या आल्या तर त्याच दिवशी दाखवा. आणि तुमच्या दानाचा रंग घेऊन कुणी माझ्या नटांपाशी आलं, तर हात वर करून त्याला थांबवा. ज्यांचा उठतो, त्यांनी तरी.